मेंढ्या विण्याचा हंगाम आणि राखणीचा कुत्रा: पार्श्वभूमी

मेंढ्यांबरोबरचा कुत्रा म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो कळप वळवणारा, नजर रोखून मेंढ्यांना हलवणारा कुत्रा. राखणीचा कुत्रा हा वेगळा प्रकार आहे आणि त्याचं कामही वेगळं आहे. तो मेंढ्या हाकत नाही. कळपातच राहतो, तिथेच झोपतो आणि बाहेरचं जनावर आलं की भुंकत मधे उभा राहतो. तुर्कस्तानचा कांगाल, इटलीचा मरेम्मा, पिरेनीज डोंगरातला पांढरा कुत्रा, बाल्कनमधला शारप्लानिनात्स हे सगळे याच कामाचे. पोर्तुगालपासून मध्य आशियापर्यंतच्या ज्या पट्ट्यात मेंढ्या आणि लांडगे हजारो वर्षं शेजारी राहिले, तिथेच या जाती घडल्या. वजन साधारण ३५ ते ६० किलो.

या कुत्र्यांबद्दलचा तपशीलवार जुना मजकूर रोमन लेखक व्हॅरो याचा आहे, इसवी सनपूर्व ३७ मधला. त्याच्या सूचना आजही उपयोगी पडतात. शिकाऱ्याकडून किंवा खाटकाकडून कुत्रा घेऊ नका: खाटकाचा कुत्रा कळपामागे चालायला आळस करतो आणि शिकाऱ्याचा कुत्रा ससा दिसला की मेंढ्या सोडून धावतो. पिल्लांना दुधात भिजवलेली जवाची भाकरी द्या, पण मेलेल्या मेंढीचं मांस चाखू देऊ नका, कारण एकदा चव लागली की त्याला आवर घालणं अवघड होतं. गळ्यात जाड चामड्याचा खिळ्यांचा पट्टा बांधा आणि खिळ्यांच्या डोक्यांखाली मऊ कातडं शिवा, म्हणजे मान सोलणार नाही. पुढच्या शतकात कोलुमेला या लेखकाने मेंढपाळाचा कुत्रा पांढरा असावा असं लिहिलं, म्हणजे अंधुक प्रकाशात लांडगा समजून त्याच्यावरच घाव पडणार नाही.

व्हॅरोने सांगितलेली एक घटना फार महत्त्वाची आहे. अमिटर्नम गावच्या एकाने मध्य इटलीतल्या उंब्रिया भागातले कळप विकत घेतले. सौद्यात कुत्रे होते, मेंढपाळ नव्हते. मेंढपाळांनी कळप दक्षिण इटलीत पोचवून दिला आणि ते घरी परतले. काही दिवसांत कुत्रेही आपल्या माणसांच्या ओढीने निघाले आणि कित्येक दिवसांची वाट तुडवून उंब्रियात पोचले. जात उत्तम होती, पण जीव मेंढ्यांपेक्षा माणसांत अडकला होता. राखणीच्या कुत्र्याचा पुढचा सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो: त्याचा जीव मेंढ्यांत कसा अडकवायचा?

या प्रश्नाचं नेमकं उत्तर चार्ल्स डार्विनला १८३३ मध्ये आजच्या उरुग्वेत पाहायला मिळालं. तिथे पिल्लाला फार लहानपणीच आईपासून वेगळं करत. दिवसातून तीन-चार वेळा एखादी मेंढी धरून पिल्लाला तिचं दूध पाजत. झोपायला मेंढवाड्यातच लोकरीचं अंथरूण. दुसरे कुत्रे किंवा घरातली मुलं यांच्यात त्याला मिसळू देत नसत आणि बहुतेक वेळा त्याचं खच्चीकरण करत. असा वाढलेला कुत्रा कळप सोडून जात नसे. इतक्या लवकर आईपासून तोडणं आज कोणी सुचवणार नाही, पण त्यामागची समज बरोबर होती. स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं की पिल्लाची ओळखपाळख घडण्याचा मुख्य काळ वयाच्या ३ ते १२ आठवड्यांचा असतो. त्या काळात जे सोबती मिळतात, तेच पुढे आपले वाटतात.

ब्रिटनसारख्या ज्या देशांत लांडगे संपवले गेले, तिथे राखणीच्या कुत्र्याची गरजच उरली नाही आणि हाकणाऱ्या कुत्र्याचं महत्त्व वाढलं. तिथल्या लोकांनी अमेरिकेत मेंढपाळी नेली, तीही हाकणाऱ्या कुत्र्यासह. तिथल्या कोयोटीचा, म्हणजे लांडग्याच्याच कुळातल्या पण त्याहून लहान शिकारी प्राण्याचा, बंदोबस्त सापळे, बंदुका आणि विषाने होत राहिला. १९७२ मध्ये सरकारी जमिनींवर हिंस्र प्राण्यांना विष घालण्यावर बंदी आली आणि मेंढपाळांना दुसरा उपाय शोधावा लागला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजात रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर यांनी युरोप आणि तुर्कस्तानातून पिल्लं आणून शेतकऱ्यांकडे ठेवायला सुरुवात केली. आयडाहोतल्या ड्यूबॉइस इथल्या सरकारी मेंढी संशोधन केंद्रातही चाचण्या झाल्या. कॉपिंजर यांनी चांगल्या कुत्र्याच्या तीन कसोट्या ठरवल्या: मेंढ्यांजवळ राहणं, त्यांना इजा न करणं आणि त्यांचं रक्षण करणं. तिसरी लोकांना मोठी वाटते. खरी अवघड दुसरी, आणि तिची सगळ्यात कडक परीक्षा मेंढ्या विताना होते.

जाती परदेशातून आणता येतात, त्यांना वाढवण्याचा अनुभव तसा आणता येत नाही. जुन्या प्रदेशांत पिल्लू जाणत्या कुत्र्यांच्या सोबतीने दोन-तीन हंगाम पाहत मोठं होई. नव्या ठिकाणी एकटं पिल्लू वर्षाचं व्हायच्या आतच विणाऱ्या मेंढ्यांत सोडलं गेलं आणि नुकसान झालं. ६ ते १८ महिन्यांचा कुत्रा अंगाने मोठा असला तरी वृत्तीने पोरच असतो. तो कोकरांमागे खेळत धावतो, कान चावतो, लोकर ओढतो. त्याच्या मनात हल्ला नसतो, पण ४ किलोच्या कोकराला तो खेळ झेपत नाही. म्हणून दीड-दोन वर्षांपर्यंत त्याला नवजात कोकरांत एकटं सोडू नये. जाळीपलीकडे ठेवावं आणि माणूस हजर असतानाच आत घ्यावं.

विण्याच्या वेळी काय घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. मेंढी साधारण १४७ दिवसांनी विते. वेळ जवळ आली की ती कळपापासून बाजूला होते. कळप विखुरतो, गर्भजलाचा वास पसरतो, आणि याच सुमारास कोल्ह्या-कोयोटींनाही पिल्लं झालेली असतात. एका कुत्र्याला सगळीकडे पुरं पडता येत नाही, म्हणून या काळात जोडी बरी. जाणता कुत्रा विणाऱ्या मेंढीकडे सरळ जात नाही. मान खाली, कान मागे, नजर वळवलेली. काही पावलांवर तो बसून घेतो. मेंढीने पाय आपटला की मागे सरकतो. मेंढी कोकराला चाटते तेव्हा त्याचा वास तिच्यात ठसतो आणि पहिल्या दोन-चार तासांत आपलं कोकरू कोणतं हे पक्कं होतं. याच वेळात कुत्र्याने कोकरू चाटून कोरडं केलं तर मेंढी त्याला जवळ करत नाही. खोटी गाभण राहिलेली कुत्री तर कोकरं पळवून स्वतःपाशी घेऊन बसते. अशा कुत्रीला हंगामात दूर बांधावं.

कोकरू पाजलं गेलं की नाही ते लगेच पाहायचं. किलोमागे ५० मिली चीक (विल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध) पहिल्या सहा तासांत पोटात जायला हवा, म्हणजे ४ किलोच्या कोकराला २०० मिली. सडांतली गुठळी पिळून काढावी आणि नाळ आयोडीनमध्ये बुडवावी. मेंढी आणि कोकरं दीड मीटर लांब-रुंद कप्प्यात एक ते तीन दिवस ठेवावीत. कुत्रा जाळीबाहेरून वास घेतो, नव्या कोकरांना ओळखतो आणि मेंढीही शांत राहते.

कोकरानंतर बाहेर पडणारी वार (गर्भाचं वेष्टन) पडली की कुत्रा ती खातो. जाणत्या कुत्र्याने सुटी पडलेली वार खाणं फारसं घातक नाही. पण अर्धवट लोंबणारी वार ओढू लागला, किंवा कोकराच्या नाळेला, शेपटीला तोंड लावू लागला, तर त्याला तिथून लगेच काढावं. गर्भपात झालेल्या मेंढीची वार मात्र कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये. तो ती ओढत नेऊन रोग वाड्यात सगळीकडे पसरवतो. ती हातमोजे घालून उचलावी आणि गरोदर बाईने या कामाला हात लावू नये. मेलेली कोकरं आणि आतडी-फुप्फुसं कच्ची खाऊ घातल्याने कुत्र्याला फीतकृमी (आतड्यातले चपटे लांब जंत) होतात. त्यांतल्या एका जातीची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात पाण्याच्या गाठी होतात. ती फीतकृमी साधारण सहा आठवड्यांत अंडी घालू लागते, म्हणूनच कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध देतात.

खाद्याची दोन पथ्यं काटेकोर पाळावी लागतात. कुत्र्याच्या खाद्यात तांबं असतं आणि मेंढ्यांना थोडं जास्त तांबंही विषारी ठरतं. उलट कोकरांच्या खुराकात मोनेन्सिन हे औषध घातलेलं असेल तर ते कुत्र्याच्या जिवावर बेततं. म्हणून दोघांची खायची भांडी वेगळी, आडोशाआड, आणि एकाला दुसऱ्याच्या भांड्यात तोंड घालता येणार नाही अशी.

ही रीत पुढे इतर देशांतही गेली. नामिबियात १९९४ पासून चित्ता संवर्धनासाठी पशुपालकांना तुर्की वंशाचे राखणदार कुत्रे दिले जातात, म्हणजे चित्त्याला गोळी घालण्याची वेळ येऊ नये. फ्रान्समध्ये १९९२ मध्ये मेर्कांतूरच्या डोंगरात लांडगे पुन्हा दिसले आणि आल्प्समधल्या मेंढपाळांना कित्येक पिढ्यांनी पुन्हा पिल्लं मेंढवाड्यात वाढवावी लागली. पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की वाड्यात आणायचं. त्याच्यासोबत शांत, थोराड मेंढ्या ठेवायच्या, कारण मारकी मेंढी पिल्लाला घाबरवते आणि फार भित्री मेंढी त्याला पाठलागाचा खेळ शिकवते.