वसंतदादा पाटील आणि १९८३ चा विनाअनुदान निर्णय : पार्श्वभूमी

वसंतदादा पाटलांचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात. एक सांगलीचा तुरुंग फोडल्याची, दुसरी १९८३ मध्ये मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय चालणारी, खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयं काढू दिल्याची. पहिलीबद्दल दुमत नाही. दुसरीवरून अजून दोन तट पडतात. खेड्यातलं पोर इंजिनिअर झालं ते दादांमुळे, असं एक तट म्हणतो. शिक्षणाचा बाजार दादांनीच मांडला, असं दुसरा. निर्णय कोणत्या वेळी झाला, त्यात काय होतं आणि पुढच्या सरकारांनी व न्यायालयांनी त्यात काय घातलं, हे वेगवेगळं मांडल्याशिवाय या वादातून काही हाती लागत नाही.

स्वातंत्र्यलढ्याचा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. जन्म १३ नोव्हेंबर १९१७, गाव सांगलीजवळचं पद्माळे. आईवडील लहानपणीच गेले, आजीने वाढवलं. शिक्षण फारसं झालं नाही. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत काम, मग अटक. २४ जुलै १९४३ रोजी सांगली संस्थानच्या किल्ल्यातला तुरुंग फोडून साथीदारांसह तटावरून खंदकात उड्या टाकल्या. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोघे हुतात्मा झाले. दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. सुटका १९४६ मध्ये. १९५२ मध्ये ते सांगलीतून विधानसभेवर निवडून आले. इथपर्यंतचा माणूस चळवळीचा होता. राज्यकर्ता म्हणून त्यांची घडण झाली ती पुढच्या वीस वर्षांत, आणि तीही मंत्रालयात झाली नाही, साखर कारखान्यात झाली.

दादांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना एकेकाळी देशातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत गणला जाई. १९८३ चा निर्णय समजून घ्यायचा तर सहकारी कारखाना उभा कसा राहतो, ते आधी पाहावं लागतं. प्रवर्तक गावोगाव फिरून ऊस उत्पादकांकडून भागभांडवल गोळा करतात. शेअर घेतला की त्या सभासदाचा ऊस कारखान्याला यायचा, ही बांधिलकी त्यात असते. १९५१ च्या उद्योग कायद्याखाली केंद्राचा परवाना घ्यावा लागे. राज्य सरकार स्वतःचं भागभांडवल घालतं, वित्तीय संस्था दीर्घ मुदतीचं कर्ज देतात आणि त्या कर्जाला राज्याची थकहमी असते. त्या काळातला नवा कारखाना बहुधा रोज १,२५० टन गाळपाचा असे. कर्ज फेडायला ऊसबिलातून टनामागे ठेव कापून घेतात. साखर आयुक्तालयाची देखरेख, लेखापरीक्षण, दरवर्षी सर्वसाधारण सभा आणि ठरावीक मुदतीने संचालक मंडळाची निवडणूक, हे सगळं कायद्याने बांधलेलं. सरकारची भूमिका परवानगी आणि हमीची. पैसा, जागा, माणसं स्थानिक. दादांना राज्य चालवण्याची हीच रीत माहीत होती आणि ती यशस्वी होताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

मधला काळ राजकीय उलथापालथीचा. १९६७ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्याच सुमारास ते प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १९७२ नंतर पाटबंधारे मंत्री. आणीबाणीच्या काळात ते मंत्रिमंडळाबाहेर पडले आणि त्यांनी राजकारणसंन्यास जाहीर केला. काँग्रेसच्या लोकसभेतल्या पराभवानंतर १७ मे १९७७ रोजी ते थेट मुख्यमंत्री म्हणून परतले. १९७८ च्या निवडणुकीनंतर दोन काँग्रेसचं जोडसरकार आलं आणि १८ जुलै १९७८ ला ते पडलं, तेही मंत्रिमंडळातल्याच एका तरुण सहकाऱ्याने आमदारांसह बाहेर पडून विरोधकांशी हातमिळवणी केल्यामुळे. ‘पाठीत खंजीर’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून महाराष्ट्राच्या राजकारणात रुजला.

या पहिल्या कारकिर्दीतली एक घटना शिक्षणाच्या निर्णयाशी जोडून पाहायला हवी, आणि ती सहसा जोडली जात नाही. डिसेंबर १९७७ पासून राज्य कर्मचाऱ्यांचा संप ५४ दिवस चालला. मागणी महागाई भत्त्याची होती. सरकारी आणि अनुदानित पगारांचा बोजा राज्याच्या तिजोरीला किती जड जातो, हे मुख्यमंत्री म्हणून दादांनी त्या दोन महिन्यांत सोसलं. अनुदानित महाविद्यालय म्हणजे इमारत एकदाच बांधायची, पण पगार कायमचा. नवं अनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालय देणं म्हणजे पुढच्या प्रत्येक अर्थसंकल्पावर न हटणारा खर्च बसवणं.

२ फेब्रुवारी १९८३ रोजी दादा पुन्हा मुख्यमंत्री झाले, तेव्हा राज्यात अभियांत्रिकीच्या जागा अगदी तुटपुंज्या होत्या. पुण्याचं १८५४ चं सरकारी महाविद्यालय, माटुंग्याची १८८७ ची संस्था, सांगलीचं १९४७ चं वालचंद, साठच्या दशकातली कराड, औरंगाबाद, नागपूर, अमरावती आणि मुंबईतली आणखी काही, एवढाच मुख्य पसारा. बारावीला चांगले गुण असूनही प्रवेश न मिळणाऱ्या मुलांना सीमेपलीकडची वाट होती. कर्नाटकात मणिपालने १९५३ पासून वैद्यकीय आणि १९५७ पासून अभियांत्रिकी शिक्षण खाजगी पैशावर चालवलं होतं. बेळगावात १९६३ पासून खाजगी वैद्यकीय महाविद्यालय होतं आणि १९७९ पासून अभियांत्रिकीही. सांगली, कोल्हापूरची ऐपतवाली मुलं देणगी भरून तिकडे जात. सांगलीच्या माणसाला हे आकडेवारीतून कळायची गरज नव्हती. आपला पैसा आणि आपली मुलं बाहेर जातात, तर तेच इथे का उभं राहू नये, हा दादांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता.

निर्णयाचं स्वरूप असं. संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली असावी. प्रस्ताव तंत्रशिक्षण संचालनालयाकडून सरकारकडे जाणार, संलग्नता विद्यापीठ देणार, अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाच्याच. इमारत, यंत्रसामग्री आणि पगार यांसाठी सरकार एक पैसाही देणार नाही. मुलांकडून सरकारी महाविद्यालयापेक्षा जास्त शुल्क घ्यायची मुभा राहील आणि काही जागा व्यवस्थापनाच्या हाती असतील. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद तेव्हा फक्त सल्लागार होती. तिला वैधानिक अधिकार मिळाले ते १९८७ च्या कायद्याने. त्यामुळे राज्याला हे स्वतःच्या अधिकारात करता आलं, आणि फारच वेगाने करता आलं.

१९८३-८४ या दोनच वर्षांत पुण्यात अनेक, शिवाय लोणी, साखराळे, कोल्हापूर, सोलापूर, नागपूर, मुंबईत वांद्रे आणि चेंबूर इथे महाविद्यालयं उघडली. सांगलीजवळ बुधगावला उघडलेल्या महाविद्यालयाला आज दादांचंच नाव आहे. लोणी आणि कराडला १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयंही आली. यातल्या बऱ्याच संस्थांच्या मागे साखर कारखाना किंवा त्याचं नेतृत्व होतं. टनामागे कापलेल्या पैशातला काही भाग शिक्षणाकडे वळवायची पद्धत कारखान्यांच्या पट्ट्यात आधीपासूनच होती.

अडचण कुठे आली, हे हिशेबानेच समजतं. समजा एका महाविद्यालयाला दरवर्षी १८० जागा मंजूर आहेत. पहिल्या वर्षी १८० मुलांचं शुल्क येतं, दुसऱ्या वर्षी ३६०, तिसऱ्या वर्षी ५४० आणि चौथ्या वर्षी ७२० मुलांचं. खर्च मात्र या चढणीने येत नाही. पहिल्याच वर्षी भौतिकशास्त्र-रसायनाच्या प्रयोगशाळा, ड्रॉइंग हॉल आणि सुतारकाम, लोहारकाम, फिटिंगची कार्यशाळा लागते. दुसऱ्या वर्षाच्या आत पदार्थबल तपासायचं यंत्र, हायड्रॉलिक्सची आणि विद्युत यंत्रांची प्रयोगशाळा हवी. म्हणजे चार तुकड्यांच्या संस्थेचं भांडवल एका तुकडीच्या शुल्कातून उभं करायचं. कारखान्याला हीच अडचण येते, पण तिथे सरकारी भागभांडवल आणि थकहमीचं कर्ज असतं. महाविद्यालयाला यातलं काहीच दिलेलं नव्हतं. ती खिंड देणगीने बुजवली गेली, आणि बुजवली जाणार हे पहिल्या दिवसापासून उघड होतं. चार वर्षांनी संस्था पूर्ण क्षमतेने चालू लागली की देणगीची गरज संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण ती थांबवायला सांगणारा कोणी नव्हता.

दादांच्या निर्णयातली खरी उणीव इथे आहे, फी जास्त ठेवण्यात नाही. कारखान्याचा पैसा देणारा शेतकरी सभासद असतो, सर्वसाधारण सभेत उठून विचारू शकतो, मतपेटीतून संचालक बदलू शकतो. महाविद्यालयाला पैसा देणारा पालक चार वर्षांनी निघून जातो. विश्वस्त मंडळाला मतदार नसतो; रिकामी जागा बहुधा उरलेले विश्वस्तच भरतात. सहकाराचा सांगाडा उचलून शिक्षणात आणला, पण त्यातला सभासद मागे राहिला. विश्वस्त मंडळावर देणगीदार, शिक्षक आणि विद्यापीठ यांचे निवडून आलेले प्रतिनिधी घेण्याची अट परवानगीतच घातली असती, तर पुढचा इतिहास बराच वेगळा झाला असता. ती घालायला तेव्हा कोणाचा विरोध होता असंही दिसत नाही. घाई होती, आणि संस्था चालवणारी माणसं ओळखीची, चळवळीतून आलेली होती. त्यांच्यावरचा विश्वास हीच अट मानली गेली.

वेळही वाईट होती. जेमतेम वर्षभरापूर्वी, जानेवारी १९८२ मध्ये, सिमेंटचा कोटा आणि एका ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाने जोडल्यावर एका मुख्यमंत्र्याला पायउतार व्हावं लागलं होतं. परवाना आणि देणगी हे शब्द एकत्र आले की लोकांच्या मनात काय येई, हे त्यावरून कळावं. नव्या महाविद्यालयांकडे पहिल्यापासून संशयाने पाहिलं गेलं, त्यातला काही भाग या जुन्या जखमेचा होता.

प्रादेशिक बाजूही लक्षात घ्यावी लागते. विकासाचा अनुशेष मोजायला समिती नेमली तीही दादांच्याच सरकारने, १९८३ मध्ये. १९८४ च्या अहवालात सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष निघाला आणि मोजलेल्या क्षेत्रांत तंत्रशिक्षणही होतं. म्हणजे सरकार एका हाताने असमतोल मोजत होतं आणि दुसऱ्या हाताने, भांडवल जिथे आहे तिथेच उभी राहणारी महाविद्यालयं मंजूर करत होतं. ऊस आणि सहकार असलेला पश्चिम महाराष्ट्र आणि शहरं पुढे गेली. मराठवाड्यात मोजकीच आली.

दादांची कारकीर्द १ जून १९८५ ला संपली. प्रदेशाध्यक्षपदाच्या नेमणुकीवरून पक्षश्रेष्ठींशी बिनसलं आणि त्यांनी राजीनामा दिला. पुढे ते राजस्थानचे राज्यपाल झाले आणि १ मार्च १९८९ रोजी त्यांचं निधन झालं. म्हणजे निर्णयानंतर तो दुरुस्त करायला त्यांच्या हाती जेमतेम दोन वर्षं होती, पहिली तुकडीसुद्धा तोवर बाहेर पडली नव्हती. देणगीबंदीचा कायदा केला तो १९८७ मध्ये पुढच्या सरकारने. त्याने देणगी गुन्हा ठरली, पण भांडवल कुठून आणायचं याचं उत्तर दिलं नाही. साहजिकच देणगी पावतीवरून उतरली आणि बिनपावतीची झाली.

यानंतरचं बहुतेक सगळं सर्वोच्च न्यायालयात घडलं. १९९२ चा देणगीविरोधातला निकाल कर्नाटकातल्या प्रकरणावरचा. तिथे वैद्यकीयच्या सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये आणि परराज्यातल्या विद्यार्थ्याला ६०,००० रुपये असा फरक होता. १९९३ मध्ये निम्म्या जागा मोफत आणि निम्म्या सशुल्क अशी योजना आली, म्हणजे सशुल्क मुलाने शेजारच्या बाकावरच्या मुलाचाही खर्च उचलायचा. २००२ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती मोडली, २००३ मध्ये शुल्क ठरवायला निवृत्त न्यायमूर्तींच्या समित्या आल्या, आणि २००५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात विनाअनुदानित संस्थांवर सरकारी जागा लादता येणार नाहीत असं ठरलं. काही मोठ्या संस्था त्याआधीच अभिमत विद्यापीठं होऊन राज्याच्या कक्षेतून बाहेर गेल्या होत्या. राज्यात आज प्रवेश आणि शुल्क यांचं नियमन चालतं ते २०१५ च्या कायद्याने.

शाळांच्या बाबतीतला ‘कायम विनाअनुदानित’ हा प्रकार मात्र दादांच्या माथी मारला जातो, ते चुकीचं आहे. तो धोरणशब्द नव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा वगळता ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला. तिथल्या शिक्षकांनी पंधरा-वीस वर्षं बिनपगारी काढली, त्याचा १९८३ च्या अभियांत्रिकीच्या निर्णयाशी संबंध नाही.

अभियांत्रिकीत शिक्षकांची परवड वेगळी. सुरुवातीला पदव्युत्तर शिक्षक मिळतच नसत. सरकारी महाविद्यालयांतले निवृत्त प्राध्यापक आणि नुकतेच पदवी घेतलेले तरुण यांच्यावर वर्ग चालत. पुढे जागा वाढत गेल्या, मागणी घटल्यावर रिकाम्या राहू लागल्या, आणि तासिका तत्त्वावरची नेमणूक नित्याची झाली. राखीव आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलांचं शुल्क सरकार भरू लागलं. जुलै २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्कही पूर्ण माफ झालं. पगाराचा बोजा नको म्हणून सुरू झालेल्या व्यवस्थेत राज्य आता शुल्काच्या वाटेने पैसे देतं. अनुदानात तो पगार म्हणून थेट शिक्षकाच्या नावावर पडला असता. आता तो शुल्काच्या रूपाने आधी संस्थेकडे जातो, आणि प्रतिपूर्ती लांबली की सगळ्यात आधी पगारच थांबतात.