समन्वय कशाला म्हणायचं आणि नियंत्रण कशाला

आपत्ती आली की सरकारी इमारतीत दोन पाट्या लागतात. एका दारावर ‘नियंत्रण कक्ष’, दुसऱ्यावर ‘समन्वय समिती’. गंमत अशी की नियंत्रण कक्षातून फारसं काही नियंत्रित होत नाही. तिथे फोन उचलतात, निरोप वहीत लिहून घेतात, पुढे कळवतात. आणि समन्वय समितीच्या बैठकीत मात्र कोणी कुठे जायचं, कोणी अजिबात जायचं नाही, याचे आदेश निघतात. ही अदलाबदल पाट्यांपुरती असती तर हसून सोडून देता आली असती. पण मदतीला आलेला माणूस म्हणतो, ‘आमचा जरा समन्वय करून द्या,’ आणि टेबलापलीकडच्याला ऐकू येतं, ‘आम्हाला परवानगी द्या.’ मग ओघानेच प्रश्न येतात: संस्था नोंदणीकृत आहे का, पत्र आणलंय का, काही झालं तर जबाबदार कोण?

नियंत्रणात माहिती वर जाते, आदेश खाली येतो आणि ज्याला आदेश मिळाला त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. समन्वयात कोणी कोणाचा साहेब नसतो. कोण कुठे पोचलंय, कोणाकडे काय आहे, कुठे काय कमी पडतंय, एवढं सगळ्यांना वेळेत कळावं इतकीच ती व्यवस्था. दोन्हींत बैठका होतात, नकाशे लागतात, याद्या बनतात, म्हणून लांबून सारखीच दिसतात. ओळखायची माझी कसोटी साधी आहे: विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आलंच नाही, तर काम थांबतं की चालू राहतं? थांबलं तर ते नियंत्रण, पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

जपानमधल्या कोबेचं उदाहरण घ्या. १७ जानेवारी १९९५, पहाटे ५ वाजून ४६ मिनिटं. त्या भूकंपात ६,४३४ माणसं गेली. तिथल्या कायद्यानुसार आपत्तीत स्वसंरक्षण दलाची, म्हणजे जपानच्या लष्कराची, मदत हवी तर प्रांताच्या गव्हर्नरने तशी विनंती करायची असते. ती विनंती गेली सकाळी दहाच्या सुमारास. फोन लागत नव्हते, माहिती येत नव्हती, आणि विनंतीशिवाय मोठी कुमक हलत नव्हती. त्याच चार तासांत गल्लीतल्या लोकांनी गाडीचा जॅक, करवत, हाताला लागेल ते घेऊन शेजाऱ्यांना उपसून काढलं. ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर आलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलेलं होतं. त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं, त्यामुळे कोणाच्या उत्तरावाचून त्यांचं अडलंही नाही.

पुढच्या वर्षभरात तिथे १३ लाखांहून जास्त स्वयंसेवक येऊन गेले. इतकी माणसं आली की कुठल्याही प्रशासनाचा हात आधी लगाम शोधतो. जपानने मात्र १९९८ मध्ये छोट्या ना-नफा गटांना सहज कायदेशीर संस्था होता यावं म्हणून कायदा केला. आणि हळूहळू ‘आपत्ती स्वयंसेवक केंद्र’ नावाची रीत बसवली. ते केंद्र सहसा नगरपालिका स्वतः चालवत नाही, स्थानिक समाजकल्याण परिषद चालवते.

या केंद्रात काय चालतं ते बघण्यासारखं आहे. सकाळी स्वयंसेवक येतो, नाव लिहितो, विमा उतरवलाय का ते सांगतो, छातीवर चिकटपट्टी लावून त्यावर नाव टाकतो. दुसरीकडे घरांकडून आलेल्या मागण्यांच्या चिठ्ठ्या: तळमजल्यातला चिखल काढायचाय, कपाट हलवायचंय, म्हातारं जोडपं एकटं आहे. पाच-सहा जणांचा गट, एक चिठ्ठी, फावडी, ढकलगाडी आणि नकाशा. संध्याकाळी परत येऊन सांगायचं: झालं, किंवा उद्या अजून चार माणसं लागतील. इथे हुकूम कोणीच सोडत नाही. मागणी आणि हात यांची गाठ घालून दिली जाते.

त्यातला विमा मला फार महत्त्वाचा वाटतो. अधिकारी परवानगीवर अडतो तो दरवेळी अहंकारापायी नाही. उद्या स्वयंसेवकाच्या पायात खिळा गेला, भिंत अंगावर आली, तर फाईल त्याच्याच टेबलावर उघडणार असते. या भीतीला दोन उत्तरं आहेत: ‘जाऊ नका’ किंवा ‘विमा काढून जा’. पहिलं लिहायला एक ओळ पुरते, म्हणून तेच जास्त वेळा लिहिलं जातं.

अर्थात जपानलाही हे कायमचं साधलेलं नाही. १ जानेवारी २०२४ च्या, नोतो द्वीपकल्पातल्या भूकंपानंतर प्रांत सरकारने लोकांना आपापलं येऊ नका असं सांगितलं आणि नोंदणी स्वतःकडे घेतली. कारण खोटं नव्हतं. द्वीपकल्पात जाणारे मोजके रस्ते खचले होते. पण नोंदणी करून बोलावण्याची वाट बघत बसलेल्यांच्या दृष्टीने ते समन्वयाच्या वेषातलं नियंत्रणच झालं, आणि त्यावर तिथे बरीच टीकाही झाली.

उलट बाजूही आहेच. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत नागपट्टिणमच्या भागात जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते. देणाऱ्यांचं मन मोठं होतं, पण कोणाला त्यांची गरज नव्हती, आणि ते हलवायला माणसं मात्र लागत होती. हा नागरी पुढाकाराचा दोष म्हणून दाखवला जातो आणि त्यावर उपाय म्हणून नाकेबंदी सुचवली जाते. माझ्या मते तिथे नियंत्रण कमी पडलं नव्हतं. ‘कपडे पुरे झाले’ हे वेळेत सगळीकडे पोचलं नव्हतं.

नाकेबंदीचं टोक बघायचं तर अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स, २००५. कत्रिना वादळानंतर शहरात लोक अडकले होते. रेड क्रॉसची आत जायची तयारी होती. राज्याच्या सुरक्षा विभागाने मात्र त्यांना शहरात येऊ नका असं सांगितलं. कारण काय, तर आत मदत मिळाली तर लोक शहर सोडणार नाहीत. ज्यांच्याकडे शहर सोडायला गाडी नव्हती त्यांच्यासाठी हा युक्तिवाद कसा होता, ते वेगळं सांगायला नको.

केरळच्या २०१८ च्या पुरात वाटणी बरी झाली. मच्छीमारांच्या बोटी ट्रकवर चढवून किनाऱ्यापासून आतल्या गावांत आणण्याचं काम प्रशासनाने अंगावर घेतलं. पण बोट पाण्यात उतरल्यावर प्रवाहाच्या ओढीत कशी न्यायची, भिंत कुठून चुकवायची, हे मच्छीमाराने ठरवायचं. त्याला तिथे कोणी सूचना देत बसलं असतं तर बोट उलटली असती.

एवढं वाचून सरकार म्हणजे नियंत्रण आणि नागरिक म्हणजे समन्वय अशी खूणगाठ कोणी बांधणार असेल तर तीही चुकीची. १९ सप्टेंबर २०१७ ला मेक्सिको सिटीत भूकंप झाला. १९८५ चा मोठा भूकंपही तिथे १९ सप्टेंबरलाच झाला होता. कोसळलेल्या इमारतींपुढे सामान्य माणसांच्या रांगा, हातोहात बादल्यांतून दगडमाती बाहेर. मधेच ढिगाऱ्यावरचा एक जण मूठ वर करतो. ती बघून शेजारचा मूठ वर करतो, मग त्याच्या मागचा. काही क्षणांत शेकडो मुठी वर आणि टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आत कोणी हाक मारतंय का ते ऐकायचं असतं. हे शंभर टक्के नियंत्रण आहे. तिथे कोणी मत मांडत नाही, बैठक घेत नाही. पण हुकूम देणारा ढिगाऱ्यावर उभा असतो, आणि हुकूम टिकतो तो आतला आवाज ऐकून होईपर्यंतच. मग मुठी खाली येतात आणि बादल्या पुन्हा हलू लागतात.