आंबोलीच्या पावसात पाण्याला बिचकणारे बेडूक

दाणोलीला चहा घेतला, तेव्हा टपरीवरच्या मावशींनी विचारलं, "धबधबो बघूक चाललास?" म्हटलं, नाही, बेडूक. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त चहात साखर जरा जास्त घातली.

तिथून घाट चढतो तो थेट ढगात. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने जड झालेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढताना गार होतात आणि इथेच ओझं टाकतात. आंबोलीची उंची जेमतेम ६९० मीटर, पण वर्षाचा पाऊस ७,००० मिलिमीटरच्या घरात. एका जागी साठवला तर चार माणसं एकावर एक उभी राहून बुडतील.

बेडकांची मग चंगळच असणार, असं मलाही वाटायचं. प्रत्यक्षात जूनच्या मध्यावर व्हाळ, म्हणजे ओढा, असा काही उसळतो की त्यात घातलेली अंडी घाटाखाली जायची. जिथे पाणी थांबतं तिथे मासे आणि खेकडे टपलेले. म्हणजे अंडं ओलं तर राहायला हवं, पण या पाण्यात नको. इथल्या बेडकांची सगळी हुशारी या एका अडचणीभोवती फिरते.

आंबोली भेक घ्या. भेक म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक. २००९ साली शास्त्रीय नाव मिळालेला हा इवलासा प्राणी. अंगावरच्या पिवळ्या पट्ट्यांवरून त्याला 'टायगेरिना' म्हणतात. जांभ्याच्या उघड्या सड्यावर, म्हणजे सपाट खडकाळ पठारावर, पहिल्या पावसात वीत-दोन वीत रुंदीची डबकी साचतात. मादी अंडी घालते ती त्यात. खोली बोटभरसुद्धा नसते, त्यामुळे मासा नाही. पण चार दिवस उघडीप पडली, ऊन तापलं, की डबकं संपलं. भेकाचा हा सरळ जुगार आहे: डबकं आटण्याआधी पिल्लांना पाय फुटले पाहिजेत. असा सडा खणला किंवा त्यावर बांधकाम झालं तर दुसरीकडे जायची सोयही फारशी नाही. म्हणूनच धोक्यातल्या जिवांच्या जागतिक लाल यादीत हा भेक नामशेष होण्याच्या सर्वांत जवळच्या गटात आहे.

मलबारी उडता बेडूक जमिनीवर उतरायचंच टाळतो. मादी अंगातला चिकट स्राव मागच्या पायांनी घुसळून पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचं घरटं करते. लस्सी घुसळावी तसं. बाहेरचा फेस सुकतो, आत ओल टिकते, आणि पिल्लं हालचाल करण्याइतकी मोठी झाली की टपटप खाली पाण्यात पडतात. झुडपी बेडकांनी तर बेडूकमाशाची अवस्थाच वगळली आहे: अंड्यातून थेट चिमुकला बेडूक. माझ्या मते सगळ्यांत धीट तोडगा हाच.

मातीत राहणारं देवगांडूळ रात्रभर शोधूनही दिसलं नाही. गांडुळासारखं दिसत असलं तरी ते बेडकांचं भाऊबंद. त्याला पाठीचा कणा असतो.

सोबतच्या मुलाने सुरुवातीलाच हात धुवायला लावले होते. या प्राण्यांची कातडी पाणी आणि हवा आत घेते, त्याबरोबर आपल्या हातावरचं डास पळवणारं मलमही. "हात लावचोच नाय," तो म्हणाला, "पण घसरलास तर?"

परतताना सड्यावर मी एक डबकं ओलांडायला पाय उचलला. त्याने टॉर्च खाली धरला. "पाय बघान टाका." तळाशी काळ्या ठिपक्यांचा पुंजका होता, साबुदाणा भिजवल्यासारखा. आम्ही लांबून वळसा घातला.