रनीम एल वेलिली

रनीम एल वेलिली (जन्म : १ जानेवारी १९८९, अलेक्झांड्रिया). इजिप्तची निवृत्त व्यावसायिक स्क्वॉशपटू, २०१७ ची जागतिक विजेती आणि जागतिक क्रमवारीत पहिले स्थान मिळवणारी पहिली इजिप्शियन महिला. कोणत्याही खेळात जागतिक क्रमवारीत अव्वल ठरलेली पहिली अरब महिला म्हणूनही तिचे नाव घेतले जाते.

स्क्वॉश इजिप्तमध्ये ब्रिटिश अंमलात रुजला. इजिप्तच्या अमर बे यांनी १९३० च्या दशकात ब्रिटिश ओपन ही मानाची स्पर्धा सलग सहा वेळा जिंकली. पुढे बराच काळ खेळाची सूत्रे पाकिस्तान आणि ऑस्ट्रेलियाकडे होती. १९९६ मध्ये गिझाच्या पिरॅमिडांसमोर काचेचे कोर्ट उभारून स्पर्धा भरवली गेली, यजमान देशाच्या अहमद बरादाने अंतिम फेरी गाठली आणि कैरो-अलेक्झांड्रियाच्या क्लबांत मुलांची रीघ लागली. रनीम त्याच पिढीतली. या दोन शहरांत देशाचे बहुतेक चांगले खेळाडू एकवटलेले असल्याने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनाही जगातल्या अव्वल खेळाडूंबरोबर सराव करता येतो. इजिप्तच्या वर्चस्वामागे पैशापेक्षा ही जवळीक जास्त आहे, असे म्हणायला हरकत नाही.

२००५ मध्ये बेल्जियममध्ये झालेली जागतिक ज्युनियर स्पर्धा तिने जिंकली. अंतिम सामन्यातली तिची प्रतिस्पर्धी चेन्नईची जोश्ना चिनप्पा होती. २००७ मध्ये हाँगकाँगला तिने हे विजेतेपद पुन्हा मिळवले. महिला गटात मात्र घोडे अडले. मनगटाची कमाल, पुढच्या भिंतीजवळ अलगद टाकलेले ड्रॉप, शेवटच्या क्षणी बदललेली दिशा या गुणांवर ती कोणालाही हरवू शकत होती, पण एखाद्या दिवशी तेच फटके टिनवर, म्हणजे पुढच्या भिंतीच्या तळाशी असलेल्या बाद पट्टीवर, आदळत आणि सामना निसटे. शिवाय समोर मलेशियाची निकोल डेव्हिड होती, जी २००६ पासून सलग १०८ महिने पहिल्या क्रमांकावर राहिली.

डिसेंबर २०१४ मध्ये कैरोतल्या जागतिक अंतिम सामन्यात या दोघी समोरासमोर आल्या. चौथ्या गेममध्ये रनीम १०–६ ने पुढे होती. हातात चार मॅच पॉइंट आणि भोवती घरचे प्रेक्षक. चारही गेले. डेव्हिडने तो गेम १४–१२ असा घेतला आणि पाचवाही जिंकत आठवे जागतिक विजेतेपद मिळवले. रनीमच्या कारकिर्दीविषयी बोलताना आजही आधी आठवतो तो हाच पराभव, आणि ते थोडे अन्यायाचे आहे. कारण सप्टेंबर २०१५ मध्ये डेव्हिडला पहिल्या स्थानावरून खाली खेचले ते रनीमनेच. हे स्थान तेव्हा काही महिनेच टिकले. याच काळात कतारमधील स्पर्धेत जोश्नाने तिला धक्का दिला, दहा वर्षांपूर्वीच्या पराभवाची परतफेडच म्हणा.

एप्रिल २०१७ मध्ये इजिप्तमधल्या एल गूना येथे तिने पुन्हा जागतिक अंतिम फेरी गाठली, पण तिच्याहून जवळपास सात वर्षांनी लहान नूर एल शर्बिनीने तिला हरवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मँचेस्टरला पुन्हा तीच जोडी. पहिला गेम ३–११ असा गेला, दुसरा जेमतेम १२–१० ने हाती आला आणि पुढचे दोन ११–७, ११–५ असे जिंकत रनीम जगज्जेती झाली. फटक्यांची नजाकत तीच होती. बदलला होता तो संयम : गुण लवकर संपवण्याची घाई उरली नव्हती.

नोव्हेंबर २०१८ मध्ये ती पुन्हा अव्वल स्थानी आली आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिली. २०१२, २०१६ आणि २०१८ मध्ये सांघिक जगज्जेतेपद मिळवणाऱ्या इजिप्त संघात ती होती. ब्रिटिश ओपन मात्र तिच्या वाट्याला आली नाही. २०१८ च्या अंतिम फेरीत शर्बिनीच आडवी आली. नोव्हेंबर २०१९ मध्ये कैरोतली जागतिक अंतिम लढतही तिने शर्बिनीविरुद्धच गमावली. त्याच महिन्यात तिचा पती, स्क्वॉशपटू तारेक मोमेन, दोहा येथे पुरुषांचा जगज्जेता झाला.

जून २०२० मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, पहिल्या क्रमांकावर असतानाच तिने निवृत्ती जाहीर केली. कोविडमुळे तेव्हा स्पर्धा बंद होत्या. तिची जागा नूरान गोहरने घेतली, म्हणजे अव्वल स्थान देशातच राहिले. ऑलिंपिकचा प्रश्न तिच्या काळात सुटलाच नाही : २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॉशच्या समावेशाला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबईतल्या अधिवेशनात मंजुरी दिली.