लाईट गेली की दार उघडं की बंद? कीपॅडला विचारू नका

जून लागला की मला दोन तऱ्हेचे फोन येतात. "लाईट गेली आणि खोल्या उघड्या पडल्या" हा एक, "लाईट गेली आणि बाहेरून दार उघडेना" हा दुसरा. पुढचं वाक्य दोघांचंही तेच: "कीपॅडमध्ये तेवढं सेटिंग करून द्या ना." ते सेटिंग कीपॅडमध्ये नसतंच हो. गुहागरपासून मालवणपर्यंत घरटी होमस्टे झाले, दारोदारी कीपॅड लागले, पण हा घोळ काही मिटत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

कीपॅड म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. आकडे दाबायचे, बरोबर असले की आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, पाच सेकंद ओढला जातो, संपलं. दार धरून ठेवतं ते लॉक, आणि ते दोन जातींचं. फेल सेफ लॉकला बंद राहायला वीज लागते. दाराच्या वर बसवतात तो चुंबक, म्हणजे ईएम लॉक, या जातीचा. फेल सिक्युअरला वीज लागते ती उघडायला. चौकटीत बसणारा स्ट्राइक, म्हणजे कुलपाची जीभ अडवून धरणारा भाग, बहुधा या जातीचा असतो. स्ट्राइक दोन्ही प्रकारांत मिळतो, तेव्हा खोक्यावरचं वाचून घ्या.

खरी गंमत नावात आहे. 'सेफ' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तिजोरी येते. त्यामुळे दुकानात जाऊन "फेल सेफच द्या" म्हणणारे लोक नेमकं उलटं घेऊन येतात. इथे सेफ आहे तो आत अडकू शकणारा माणूस, तुमचं कपाट नव्हे. वीज गेली की चुंबक सुटतो आणि दार मोकळं होतं.

आता ज्यात वायरमनसुद्धा फसतात ते. कीपॅडच्या मागे रिलेच्या तीन वायरी असतात: कॉम (सामाईक), एनओ (एरवी तुटलेली, रिले ओढला की जुळणारी) आणि एनसी (एरवी जुळलेली, रिले ओढला की तुटणारी). चुंबकाचा बारा व्होल्टचा पुरवठा कॉम-एनसीतून न्यायचा, म्हणजे एरवी वीज चालू आणि कोड दाबल्यावर तुटते. फेल सिक्युअर स्ट्राइकचा कॉम-एनओतून, म्हणजे एरवी बंद आणि कोड दाबल्यावर मिळते. लोकांना वाटतं की एनओ-एनसी बदलले की लॉकची जात बदलते. नाही बदलत. वायर कुठेही लावा, वीज गेल्यावर चुंबक सुटणारच. एनओ-एनसीने ठरतं ते एवढंच, की कोड दाबल्यावर लॉकला वीज द्यायची की त्याची वीज तोडायची. वीज गेल्यावर काय होणार, हे लॉक कारखान्यातून सोबत घेऊन येतं.

दापोलीकडच्या एका काकांच्या खोल्यांवर हेच पाहिलं. वायरमनने चुंबक एनओवर जोडलेला. साहजिकच दार दिवसभर उघडं आणि कोड दाबला की पाच सेकंद बंद! पठ्ठ्याने वायर बदलण्याऐवजी प्रोग्रॅमिंगमध्ये शिरून वेळेच्या जागी शून्य टाकलं. बऱ्याच कीपॅडवर शून्य म्हणजे एकदा कोड दाबला की रिले ओढलेलाच राहतो, पुन्हा दाबला की सुटतो. चाललं की! काका खूश. पहिल्या पावसात लाईट दोन मिनिटं गेली आणि आली. एनसीवर असता, तर लाईट आल्याबरोबर चुंबकाने दार पुन्हा धरलं असतं. इथे रिले सुटला तो सुटलाच. पाहुणे किनाऱ्यावर आणि चार खोल्या संध्याकाळपर्यंत सताड उघड्या. काही गेलं नाही, हे काकांचं नशीब. वायरीची चूक प्रोग्रॅमिंगने झाकायची खोड मला मनापासून नावडते. स्ट्राइक चुकून एनसीवर गेला तर आणखी वाईट, आतली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, दिवसभर तापते आणि जळते.

"बॅटरी लावली की झालं" म्हणणाऱ्यांनी जरा हिशेब करावा. २८० किलोची ओढ सोसणारा चुंबक साधारण अर्धा अँपिअर खातो, तोही चोवीस तास. ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १४ तास पुरते, प्रत्यक्षात कमी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडे कितीतरी गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. तिथे १४ तासांचं काय घेऊन बसलात? फेल सिक्युअर स्ट्राइक एरवी काहीच खात नाही.

मग लगेच दुसरी भीती: "फेल सिक्युअर लावला आणि आग लागली तर माणूस आत अडकेल." हाही गैरसमजच. स्ट्राइक रोखतो फक्त बाहेरच्याला. आतल्याने साधी मूठ दाबली की कुलपाची जीभ मागे येते, विजेचा तिथे संबंध नाही. मूठ मात्र हवीच, आतून चावीने उघडणारं कुलूप त्याला चालत नाही. चुंबकाला आतून मूठच नसते, एक्झिट बटण लागतं. ते बटण नुसतं कीपॅडला न जोडता थेट चुंबकाची वीज तोडणारं घ्या, नाहीतर कीपॅड बिघडला की खरोखर आत अडकाल.

म्हणून माझ्या मते होमस्टेच्या खोलीला फेल सिक्युअर स्ट्राइकच. ऑफिसचं काचेचं दार असेल तर चुंबक, बॅटरीसकट. स्ट्राइकचं एक दुखणं आपल्याकडे आहे. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि जीभ स्ट्राइकवर दाबून बसते. कोड दाबल्यावर 'कट' आवाज येतो, दार मात्र हलत नाही. दार स्वतःकडे जरा ओढून धरा आणि मग कोड दाबा. तेवढ्याने उघडलं तर सुताराला बोलवा, मला नको. चुंबक जिला धरतो ती दारावरची लोखंडी पट्टी खाऱ्या हवेत गंजते, ती कोरड्या फडक्याने पुसत जा. आणि त्या पट्टीचा मधला बोल्ट करकचून आवळू नका! मागच्या रबरी वॉशरवर ती किंचित डुलली पाहिजे, तरच चुंबकाला पूर्ण टेकते.

किरकोळ म्हणाल तर, लॉकच्या दोन वायरींवर डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) टाका, त्यावरच्या पट्ट्याचं टोक प्लसकडे. नाहीतर कॉइलचा झटका रिले खाऊन टाकतो. मास्टर कोड पहिल्या दिवशी बदला, कारखान्याचा कोड माहितीपत्रकात छापलेला असतो आणि ते पत्रक कुणालाही मिळतं.

आणि स्ट्राइकसोबत बाहेरून चावीने उघडणारं कुलूप घ्या. वर म्हटलेला दुसरा फोन मागच्या पावसात आला, तेव्हा मी विचारलं, चावी कुठे आहे? म्हणाले, "त्याच खोलीत, आतल्या खुंटीला."