झटक्यांचं इंजेक्शन थांबलं, बीपीची गोळी नाही

गरोदरपणात किंवा बाळंतपणात बीपी वाढून झटके येतात किंवा येण्याचा धोका असतो, तेव्हा मॅगसल्फ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. ते बंद झालं की नातेवाईक हमखास विचारतात, "मग बीपीची गोळीही बंद ना?" नाही. दोघांचं काम वेगळं आणि मुदतही वेगळी.

मॅग्नेशियम सल्फेट झटके रोखतं, बीपी उतरवायला ते देत नाहीत. सुरुवातीला शिरेतून ४ ग्रॅम सावकाश: ५० टक्क्यांच्या ४ अँप्युल म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली सलाईन. अंगातून गरम लाट जाते, घाबरू नये. लगेच दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, पुढे दर ४ तासांनी आलटून-पालटून ५ ग्रॅम.

मुदत २४ तास. डिलिव्हरीपासून किंवा शेवटच्या झटक्यापासून, जे नंतरचं असेल तिथून. सकाळी ६ ला बाळ झालं आणि दुपारी २ ला झटका आला, तर दुसऱ्या दिवशी दुपारी २ पर्यंत. पहिल्या डोसपासून मोजणं ही चूक. १२ तासांवर थांबवूनही पाहिलं गेलंय. लघवीची नळी लवकर निघते, बाळंतीण लवकर उठते. पण अशा अभ्यासांत झटके इतक्या थोड्या जणींना येतात, की १२ तास तितकेच सुरक्षित असं त्यावरून म्हणता येत नाही. २४ पूर्णच करावेत.

प्रत्येक डोसआधी गुडघ्याखाली हातोडी मारून पाय उडतो का बघायचं. श्वास मिनिटाला किमान १६, लघवी तासाला किमान ३० मिली. मॅग्नेशियम लघवीवाटे जातं. लघवी कमी झाली की साचतं, आधी पाय उडायचा थांबतो, मग श्वास. यातलं एकही कमी असेल तर डोस रोखायचा. मॅग्नेशियमवर उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट, १० मिली, खाटेशेजारीच हवं.

बीपीच्या गोळ्या, म्हणजे लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन, मात्र डॉक्टर कमी करेपर्यंत चालू, कधी कित्येक आठवडे. अंगावर पाजतानाही चालतात. बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढतं, आणि तोवर बाळंतीण नाशिकहून सावळघाटापलीकडे पेठला माहेरी पोचलेली असते. तिथे आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी येतात, तेव्हा बीपी मोजून घ्यावं. १६०/११० किंवा वर, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली दुखणं: लगेच १०८.

झटका सहा आठवड्यांपर्यंत येऊ शकतो. आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रातच कुल्ल्यांतले ५-५ ग्रॅम देऊन मग नाशिकला पाठवावं, आणि त्या झटक्यापासून पुन्हा २४ तास.