आयएसओवर नाहक आळ: हिवाळ्यातल्या काळोख्या रानाचे फोटो

‘आयएसओ वाढवू नका, नॉइज येतो’ हा सल्ला नवशिक्याला हमखास मिळतो आणि तो अर्धा चुकीचा आहे. आयएसओ म्हणजे फोटो उजळ करणारी कॅमेऱ्यातली सेटिंग, नॉइज म्हणजे फोटोतला रवाळपणा. नॉइज मुख्यतः प्रकाश कमी पडल्याने येतो. प्रकाश कमी असतो तेव्हाच आपण आयएसओ वाढवतो, म्हणून आळ त्याच्यावर.

इंग्लंडच्या डार्टमूर माळरानावर विस्टमन्स वूड नावाचं ओकचं छोटंसं रान आहे. अक्षांश ५०.६ अंश. २१ डिसेंबरच्या भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर येतो. पुण्यात त्या दिवशी तो ४८ अंशांवर असतो. बुटके, पिळवटलेले ओक, बुंध्याशी ग्रॅनाइटचे धोंडे आणि सगळ्यावर शेवाळ नि दगडफूल. ढगाळ दिवशी एफ/८ (अ‍ॅपर्चरचं, म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप) आणि आयएसओ १०० ला शटर उघडं राहण्याचा वेळ पाव सेकंदाच्या आसपास जातो. त्यात पोलरायझर (लेन्सपुढचा, चकाकी कापणारा फिल्टर) लावला की दोन स्टॉप जातात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे १ सेकंद. तरी तो लावावाच. ओल्या शेवाळावर आकाशाची पांढुरकी चकाकी असते. फिल्टर फिरवून ती कमी केली की खालचा हिरवा रंग दिसतो.

आता हाच फोटो कॅमेरा हातात धरून काढायचा तर शटर १/३० सेकंद हवं. पाच स्टॉप गेले, म्हणजे प्रकाश ३२ पटींनी घटला आणि आयएसओ ३२०० झाला. इथे खरी गंमत आहे. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पावसाच्या थेंबांसारखे सुटे, अनियमित पडतात. शेजारशेजारच्या दोन पिक्सेलवर सरासरी ६४०० फोटॉन पडणार असतील, तरी प्रत्यक्ष आकडा वर्गमुळाइतका, म्हणजे ८० ने इकडेतिकडे होतो. सव्वा टक्का, डोळ्याला कळतही नाही. ३२ पट कमी केल्यावर उरतात २००, चढउतार १४ चा, म्हणजे ७ टक्के. आणि धोंड्याखालच्या सावलीत, जिथे आधीच ३२० पडत होते, तिथे आता १० पडतात, ३ ने कमीजास्त. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा! सावल्या रवाळ होतात त्या यामुळे. आयएसओ फक्त हा गोळा झालेला माल मोठा करून दाखवतो. उलट सेन्सर वाचताना सर्किट जो थोडा नॉइज घालतं, त्याचा वाटा वाढीव आयएसओने बऱ्याच कॅमेऱ्यांत कमीच होतो. पटत नसेल तर शटर आणि अ‍ॅपर्चर तेच ठेवून एक रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला) फोटो आयएसओ १०० ला, दुसरा १६०० ला काढा आणि पहिला संगणकावर चार स्टॉप उजळा. पहिल्याच्या सावल्या दुसऱ्याइतक्याच, कधी जास्तही खराब निघतात.

म्हणून ट्रायपॉड. पाय दलदलीत रुततात, ते आधी दाबून बसवा. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर ठेवा. वाऱ्यात फांद्यांवरचे नेचे हलतात, तेव्हा वारा पडेपर्यंत थांबा. रानात शिरू नये अशी विनंती तिथे केलेली असते, कारण तुडवलेलं शेवाळ लवकर सावरत नाही. कडेवरून ७० ते १०० मिमीची लेन्स पुरते. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर अंधाऱ्या रानाला मधला करडा समजून फोटो गरजेपेक्षा उजळ काढतो. पुस्तकी तोडगा म्हणजे उणे एक स्टॉप. रॉ काढत असाल तर तो पाळू नका! हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) उजव्या कडेला धडकत नाही तोवर उजळच राहू द्या, अंधार नंतर संगणकावर आणा.

मोबाइलच्या ‘नाइट मोड’ची जादूही हीच: १६ फ्रेम एकत्र केल्या की नॉइज चौथ्या हिश्श्यावर येतो. नॉइज पुसणारे एआयवाले डिनॉइज प्रोग्राम मात्र शेवाळाचा पोत कधी कधी चक्क मनाने रचतात. या रानाला सैतानी कुत्र्यांच्या दंतकथा चिकटल्या आहेत. फ्लॅश मारून मिळालेले तरंगते पांढरे गोल कुणी ‘आत्मे’ म्हणून दाखवले, तर ते लेन्सपुढच्या धुक्याचे फोकसबाहेरचे थेंब असतात.

परतल्यावर कॅमेरा उबदार खोलीत थेट उघडू नका, काचेवर दव धरतं. बाहेर असतानाच बंद प्लास्टिक पिशवीत घाला आणि तास-दोन तास तसाच ठेवा. मेमरी कार्ड मात्र त्याआधीच काढून घ्या.